सहा वर्षं टिकलेला टाका

६ जानेवारी

ताई, नमस्कार.

कारखान्याच्या फाटकापाशी पावसाळ्यात छत्री घेऊन उभा असलेला माणूस तुम्ही एक-दोनदा पाहिला असेल. तो मी. रेडिओच्या कारखान्यात अकरा वर्षं तुमच्या डाव्या हाताच्या स्टुलावर जी बसायची, जिला तुम्ही सगळ्या थेंब म्हणायचात, तिचा नवरा.

ती मागच्या ऑगस्टमध्ये गेली. आजार जुना होता, शेवट चार दिवसांत झाला. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं, पण पत्ता आत्ता हाती लागला. ती तुमची नेहमी आठवण काढायची.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तिचा एक लहान टॉर्च आहे, अंगठ्याएवढा जाड, एका सेलवर चालणारा. घराच्या मागच्या बाजूला आमची एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे तिचं टेबल. ती काही दुरुस्त करायला बसली की मला हाक मारायची आणि मी टॉर्च धरायचो. "जरा डावीकडे," एवढंच ती बोलायची. तीस वर्षांत घरातल्या सोल्डरच्या कामात माझा वाटा एवढाच.

नोव्हेंबरपासून टॉर्च लागत नाही. सेल नवा घातला. दुकानात नेला तर मुलगा म्हणाला, काका फेकून द्या, दुरुस्तीच्या खर्चात नवीन दोन येतील. मी तो परत आणला. पुढचं झाकण फिरवून काढलं. आत अॅल्युमिनियमची चांदणीसारखी चकती आहे, मधोमध डाळीएवढा पिवळा चौकोन. तो एलईडी असावा. चकतीला लाल आणि काळी अशा दोन तारा सोल्डर केल्या आहेत. काळ्या तारेचा टाका गुळगुळीत आणि चकचकीत आहे. लाल तारेचा राखाडी, खडबडीत, तीन-चारदा लावल्यासारखा, आणि भोवती चकती थोडी करपली आहे. पूर्वी कुणीतरी दुरुस्त केलेला दिसतो.

एलईडी बदलता येईल का? मी जमीन मोजणीच्या खात्यात नकाशे गिरवायचो, त्यामुळे हात स्थिर आहे. पण सोल्डरगन कधी धरलेली नाही. तिचं सामान सगळं आहे. वाट बघतो.

आपला,
थेंबचे यजमान


१९ जानेवारी

भाऊजी,

पत्र तीन दिवस उशाशी ठेवलं, मग लिहायला बसले. ऑगस्टमध्ये मी काय करत होते ते आठवत बसले होते. काहीच विशेष करत नव्हते. तेच वाईट वाटतं.

छत्रीवाले आठवतात. आम्ही तुम्हाला खांब म्हणायचो. थेंबला चिडवायचो, तुझा खांब आलाय, त्याला टेकून घरी जा. ती हसायची नाही, पण डबा भरायचा वेग वाढायचा.

आमच्या ओळीत खरी नावं फक्त हजेरीत होती. मी ठिणगी, कारण पहिल्याच आठवड्यात एप्रन जाळून घेतला. तिचं नाव थेंब, कारण तिचा प्रत्येक टाका पावसाच्या थेंबासारखा, ना कमी ना जास्त. बाहेरून कुणी पाहुणे कारखाना बघायला आले की मोठे साहेब त्यांना सरळ तिच्या टेबलापाशी आणायचे. आम्ही बाकीच्या तेवढा वेळ गन उचलून कामात असल्याचं दाखवायचो.

ती माझी आठवण काढायची, असं तुम्ही लिहिलंत. एकोणीस वर्षं आम्ही बोललो नाही. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं असेल, म्हणून पुढे विचारत नाही.

आता टॉर्च. मी अजून आठवड्यातून दोन दिवस तंत्रशाळेत मुलींना सोल्डर शिकवते, तेव्हा अशी रोगी मंडळी रोज बघते. दोष तुम्हीच सांगितलात, तो खडबडीत टाका. अॅल्युमिनियमची चकती उष्णता पिऊन टाकते. गन पुरेशी तापलेली नसली की सोल्डर वितळल्यासारखं दिसतं पण धरत नाही. त्याला थंड टाका म्हणतात. ज्याने कुणी तो केला त्याला कामाची ओळख नव्हती. थेंबने बघितला असता तर त्याचे कान उपटले असते.

पाकिटात नवा एलईडी ठेवला आहे, चकतीसकट. खाली लावायची पांढरी पेस्ट एका पुडीत आहे. सोबत तांब्याची विणलेली पट्टी आहे, तिला आम्ही वात म्हणायचो. जुन्या टाक्यावर वात ठेवायची, वरून गन टेकवायची, सोल्डर वितळून वातीत शोषलं जातं. दोन्ही टाके असे साफ करा. लालचा टाका तर मुळापासून काढा. मग तारा मोकळ्या करून आधी जुन्याच एलईडीला नीट लावून बघा, बहुतेक तेवढ्यावरच भागेल. नाही भागलं तर नवा बसवा. लाल तार अधिकच्या खुणेला, काळी उणेच्या.

घाई नको. आधी भंगारातल्या तारांवर हात बसवा. गन तापायला पाच मिनिटं द्या, टोक ओल्या स्पंजवर पुसा. बोट भाजलं तर नळाखाली धरा आणि मला शिव्या द्या.

ठिणगी


२ फेब्रुवारी

ताई,

सामान नीट पोचलं. आठवडाभर जुन्या तारांवर सराव केला. पहिले टाके गोळ्या होऊन घरंगळले. गनचं टोक काळं पडलं होतं, ते तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुसून, सोल्डर लावून पुन्हा चकचकीत केलं. काल दहातले सहा टाके बरे आले. बोट दोनदा भाजलं. शिव्या दिल्या नाहीत.

टॉर्चला मात्र अजून हात लावलेला नाही. एक विचारायचं होतं. तो लाल तारेचा टाका पूर्ण काढायलाच हवा का? त्यावरच थोडं नवं सोल्डर घालून चालणार नाही का? ज्याने केला तो अगदीच नवशिका नसेल असं मला वाटतं. काही अडचण असेल.

खिडकीजवळ दुपारी चांगला उजेड येतो, तिथे टेबल हलवलं आहे.

आपला,
खांब


११ फेब्रुवारी

भाऊजी,

खांब अशी सही बघून मी एकटीच हसले. बहिणीने दोनदा विचारलं काय झालं.

दहात सहा म्हणजे पहिल्या वर्गात पास. माझ्या शाळेतल्या मुली महिन्यानंतरही चारवर असतात.

टाक्याचं मात्र ऐका. दयामाया नको. खराब टाक्यावर नवं सोल्डर घालणं म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीला रंग देणं. आतून तो तसाच राहतो. त्या माणसाची काय अडचण होती ती होती, टॉर्चला त्याचं काय? सगळं काढा, चकती धातू दिसेपर्यंत साफ करा. वातीचं टोक भरलं की कापून टाका, पुढचं कोरं टोक घ्या. एकदा मनाशी ठरवून केलं की दहा मिनिटांचं काम आहे.

झालं की लगेच कळवा.

ठिणगी


३ मार्च

ताई,

काम झालं आणि टॉर्च लागला नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती आता सांगतो. ती आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

तो टाका कुणीतरी केलेला नव्हता. तिनेच केला होता, सहा वर्षांपूर्वी.

तिचा उजवा हात थरथरायचा. ते कारखान्यात असतानाच सुरू झालं होतं, पण मला पुष्कळ नंतर कळलं. नोकरी सोडली तेव्हा डोळे थकले म्हणाली होती. पुढे कप बशीत ठेवताना आवाज यायला लागला. तरी दुरुस्त्या तिने सोडल्या नाहीत. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायची आणि गन टेकवायची.

टॉर्चमधली लाल तार तुटली तो दिवस मला नीट आठवतो, सकाळची वेळ होती. मी सवयीने टॉर्च शोधायला लागलो. ती म्हणाली, "अहो, आज उजेडच दुरुस्तीला आलाय. तुम्ही तार धरा." म्हणून खिडकीपाशी बसलो. मी चिमट्याने तार धरली. पहिल्यांदा टाका बसला नाही, दुसऱ्यांदा बसला नाही. तिसऱ्यांदा सोल्डरचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला, मी दचकलो. ती म्हणाली, "तुम्ही हलू नका. हलायचं काम माझ्याकडे आहे." चौथ्यांदा बसला. तिने तो बराच वेळ बघितला, पुसला नाही, झाकण लावलं. काळ्या तारेचा टाका मूळचा, कंपनीचा. त्याला तिने हात लावला नव्हता. त्यानंतर तिने सोल्डरगन गुंडाळून ठेवली. म्हणजे तिने आयुष्यात केलेला शेवटचा टाका तो.

हे मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुमच्या ओळीत तिचं नाव थेंब होतं. तुमच्यापुढे तिचा असा टाका ठेवायला मला नको वाटलं. तुम्ही कान उपटण्याचं लिहिलंत तेव्हाही बोललो नाही. दुसऱ्या पत्रात विचारून बघितलं. तुम्ही सगळं काढा म्हणालात. कामातलं तुम्हाला कळतं, म्हणून काढलं.

काल दुपारी वात ठेवली, गन टेकवली. लगेच वितळला नाही. ताई, तो घट्ट होता. मला वाटलं होतं सैल असेल. सहा-सात सेकंद धरावी लागली, मग एकदम चमकला आणि वातीत गेला. चकती साफ झाली. तिथे आता काही नाही.

मग जुन्या एलईडीला तारा पुन्हा लावल्या. टाके चांगले आले, दोन्ही. लागला नाही. भिंगातून बघितलं तर त्या पिवळ्या चौकोनात मोहरीएवढा काळा ठिपका आहे. एलईडीच जळलेला असावा. तसं असेल तर टाक्यात दोष नव्हता. हे बरोबर आहे का, तेवढं कळवा.

नवा अजून बसवलेला नाही.

आपला,
खांब


३० मार्च

भाऊजी,

बरोबर आहे. काळा ठिपका म्हणजे एलईडी गेला. टाका चांगला होता. गन सात सेकंद टेकवावी लागली याचा अर्थ तो चकतीत मुरला होता. दिसायला खडबडीत, पण आतून पक्का. मी कागदावरचं वर्णन वाचून त्याला थंड टाका म्हटलं.

उत्तराला उशीर झाला. दोन वेळा लिहून फाडलं. आता तुम्हाला जे सांगणार आहे ते ऐकून पत्रव्यवहार थांबवावासा वाटला तर थांबवा.

शेवटच्या वर्षी मला तपासनीस केलं. ओळीतल्या सगळ्यांचे ट्रे माझ्यापुढून जायचे. थेंबचे टाके बिघडायला लागले होते. गोलाई गेली, राखाडी दिसायला लागले. तिचा हात मी बघितला होता, तिने तो टेबलाखाली लपवलेला बघितला होता. मी कुणाला सांगितलं नाही. जेवणाच्या सुटीत तिचे ट्रे घेऊन बसायचे आणि वाईट दिसणारे टाके काढून पुन्हा करायचे. चार महिने. मला वाटायचं मी तिची नोकरी वाचवते आहे.

आमच्या ओळीत एक रीत होती. दुसरीच्या टाक्याला हात लावायचा नाही. चूक असली तर तिला दाखवायची, काढायची तिने. ही रीत मलाच सगळ्यात जास्त पाठ होती.

एक दिवस ती विसरलेला चष्मा घ्यायला सुटीत परत आली. मी तिच्या ट्रेवर वाकलेली. ती शेजारी येऊन उभी राहिली, किती वेळ ते मला माहीत नाही. ओरडली नाही. फक्त विचारलं, "काढायच्या आधी मीटर लावून बघितलं होतंस का?"

टाक्यातून वीज जाते की नाही ते मीटरवर कळतं. मी तो लावला नव्हता. एकदाही नाही. आधी तपास, मग तापव, हे मी तेव्हा नव्या मुलींना शिकवत होते आणि आजही शिकवते. तिचे टाके मात्र नुसते बघून काढले. त्यातले किती खरोखर वाईट होते ते आता कुणालाच कळणार नाही. कदाचित एकही नसेल.

तिने चष्मा घातला, एप्रनची घडी घालून स्टुलावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला. मी तिला पत्र लिहायला हवं होतं. पुढच्या महिन्यात लिहू, म्हणत एकोणीस वर्षं गेली.

आणि आता तुमच्या हातून तेच करवलं. तुम्हाला सांगायला हवं होतं की सेलला दोन तारा लावून आधी एलईडी तपासा. एका मिनिटाचं काम. शाळेतल्या पोरीसुद्धा ते आधी करतात. मी मीटर लावायला सांगितलं नाही. तिच्या टाक्याला मी दुसऱ्यांदा हात लावला, भाऊजी, आणि या वेळी ती विचारायलाही नव्हती.

तुम्ही तिचा कापरा हात माझ्यापासून लपवलात. मला तो तुमच्याही आधी माहीत होता. आपण दोघंही तिचं नाव सांभाळत बसलो.

एक विचारते. वातीचं भरलेलं टोक कापून टाका म्हणाले होते. टाकलंत का? टाकलं नसेल तर त्यात तिचं सोल्डर आहे. टॉर्चच्या मागच्या झाकणात स्प्रिंग असते. तिच्यातूनच वीज जाते, आणि पोलादाची असल्याने थोडी अडते. म्हणून काही जण स्प्रिंगच्या आतून वातीचा तुकडा वरपासून खालपर्यंत टाकतात, दोन्ही टोकांना टाका मारतात. उजेड वाढतो. भरलेलं टोक खाली तळाशी बसवायचं, जिथे हालचाल नसते. थोडं फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरवणारं राळेचं मलम, लावा आणि गन टेकवा. नवं सोल्डर घालू नका. त्यात असलेलंच वितळेल आणि धरेल.

टाकलं असेल तर तसंही कळवा. मला चांगलं वाटावं म्हणून काही लिहू नका.

ठिणगी


१४ एप्रिल

ताई,

वातीचं टोक टाकलेलं नाही. कापलं होतं, पण तिच्या टाचण्यांच्या डबीत ठेवलं. का ठेवलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. कापताना टोकाला कोरा भागही थोडा जास्तच ठेवला होता, तो कामी आला.

नवा एलईडी परवा बसवला. या वेळी आधी सेल लावून तपासला. खाली पांढरी पेस्ट, लाल अधिकला, काळी उणेला. काल स्प्रिंगचं काम केलं. तळाशी भरलेलं टोक ठेवलं, फ्लक्स लावलं, गन टेकवली. मोजत होतो. नवव्या सेकंदाला चमकलं आणि पसरलं. गन काढल्यावर पुन्हा राखाडी झालं, पहिल्यासारखंच खडबडीत. पुसलं नाही. वरच्या टोकाला माझं सोल्डर लावलं, ते चकचकीत दिसतं. वात तुमची आहे. झाकण लावलं.

लागला.

तुम्ही लिहिलेलं वाचून मी रागावलो का, तर सांगतो. दोन दिवस रागावलो होतो. तुमच्यावर, आणि तिच्यावरही, की हे तिने मला कधी सांगितलं नाही. डोळे थकले, एवढंच सांगितलं आणि मी तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. तिथे ती निमूटपणे अक्षरं वाचत बसली. मग राग गेला. पत्रव्यवहार थांबवायचा नाही.

आता मी पहिल्या पत्रात लिहिलेलं खोटं. ती तुमची आठवण काढायची नाही. एकोणीस वर्षांत तुमचं नाव तिने एकदाही घेतलं नाही. ठिणगी कोण हे मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतल्या गप्पांतून माहीत होतं, तेवढंच.

पण तुम्ही चांगलं वाटावं म्हणून काही लिहू नका म्हणालात, म्हणून हे तसं लिहीत नाही, आहे ते लिहितो. तुमचा पत्ता मला तिच्या सामानाच्या पेटीत मिळाला. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर एकाखाली एक तीन पत्ते आहेत, तिन्ही तुमचे. पहिले दोन फूटपट्टी धरून एका रेघेने खोडले आहेत. तिसरा आत्ताचा. तो लिहिताना हात फार कापला असणार, घराचा आकडा मला दोनदा वाचावा लागला. कुणाकडून मिळवले ते माहीत नाही. तुम्ही घर बदललंत की तिला कळत होतं, एवढं खरं. पत्र तिनेही लिहिलं नाही.

पट्टी काढून तुम्हाला पाठवावी असं वाटलं होतं. पण ती झाकणाला घट्ट चिकटली आहे, ओढली तर फाटेल. तुम्हाला बघायची असेल तर या. इथे माझ्याशिवाय कुणी नाही. पेटी आहे तशी ठेवतो.

आज दुपारी टॉर्च घेऊन मागच्या खोलीत गेलो. टेबल खिडकीपाशी नेलं होतं ते परत जागेवर आणलं, स्टूल ठेवलं. दार लोटलं की तिथे दिवसाही काळोख असतो. टॉर्च लावला. उजेड पूर्वीपेक्षा पांढरा आहे, आणि जास्त. तिला तो डोळ्यांना खुपला असता.

मी माझ्या जागी उभा राहिलो आणि टेबलावर, तिचे हात असायचे तिथे, उजेड धरला. मग जरा डावीकडे केला.

हात अवघडला तेव्हा बंद केला.

आपला,
खांब